सांडलेला आवाज

मार्चमध्ये फ्लेमिंगचा फोन आला तेव्हा मी स्वयंपाकघरात हेरिंग मासे साफ करत होतो. फ्लेमिंग आमच्या मासिकाचा संपादक. ऑर्हूसला बसतो आणि सहसा ईमेलवर भागवतो. त्याने फोन केला म्हणजे काहीतरी नाजूक आहे, हे मी ओळखलं.

"एस्किल, एका वाचकाचं पत्र आलंय. रागावू नकोस."

"रागावण्यासारखं असेल तर रागावेन. वाच."

त्याने वाचलं. जानेवारीच्या अंकात मी ज्या हेडफोनला लोण्यासारखा मऊ म्हटलं होतं, तो त्या गृहस्थांनी माझ्या भरवशावर घेतला होता. त्यातली झांज त्यांच्या कानात सुईसारखी घुसत होती. समीक्षकांनी एकदा कान दाखवून घ्यावेत, असं शेवटी होतं.

"लोक काहीही लिहितात," मी म्हणालो.

फ्लेमिंग म्हणाला, "मी स्वतः लावून पाहिला रे. टोचतो."

पंचवीस वर्षं मी त्या मासिकात हेडफोनांवर लिहीत होतो. लेमविगसारख्या फ्योर्डच्या, म्हणजे समुद्राच्या खाडीच्या काठच्या लहान गावात राहून हे जमतं, कारण खोकी टपालाने येतात आणि टपालाने परत जातात. माझ्याकडे बहुतेक उघड्या पाठीचे हेडफोन यायचे. त्यांच्या वाट्यांना मागून झाकण नसतं, नुसती जाळी असते. आवाज मोकळा श्वास घेतो, दिवाणखान्याएवढा पसरतो, पण जितका कानात जातो तितकाच बाहेरही सांडतो. त्यातही माझा जीव प्लेनरवर, म्हणजे सपाट पडद्याच्या हेडफोनवर. केसाहून पातळ पडदा चुंबकांच्या मध्ये ताणलेला असतो आणि तो अख्खाच्या अख्खा एकदम हलतो. चांगला बनवलेला असेल तर खर्ज जमिनीतून आल्यासारखा येतो आणि तरी एकही सूर दुसऱ्यावर सांडत नाही.

ऐकायची माझी वेळ दुपारी तीन ते सहा. मी खिडकीशी खुर्चीत बसायचो आणि समोरच्या कोचावर माझी बायको सोल्वाय गणिताच्या वह्या तपासायची. ती शाळेत शिकवायची. दुसऱ्या खोलीत जा म्हटलं तर म्हणायची, "उजेड इथेच चांगला आहे." मग मी हेडफोन चढवायचो, डोळे मिटायचो, आणि तिच्या वाट्याला यायची ती जाळीतून झिरपणारी बारीक चिरचिर. खर्ज बाहेर फारसा येतच नाही. वरचं वरचं येतं: झांजा, व्हायोलिनची गजाची खरखर, गायिकेचे स, श.

मधूनच ती वहीतून डोकं न काढता हात हलवायची. मी एक कान मोकळा करायचो.

"हा आधीच्यापेक्षा फार सी-सी करतोय."

"बरं," असं म्हणून मी पुन्हा कान झाकायचो आणि वहीत लिहायचो: तार स्वरात किंचित अतिरेक. दुसऱ्या एका दुपारी ती म्हणाली होती, "आज बाई गाते आहे की पाल चुकचुकते आहे?" मी त्यावर हसून सबंध परिच्छेद लिहिला, तिची पाल मात्र गाळून. वाचक म्हणायचे, एस्किलचा कान म्हणजे कान आहे. मलाही तसंच वाटायचं.

तीन वर्षांपूर्वी ऑक्टोबरात ती निवृत्त झाली आणि आठवड्याभरात मला सोडून गेली. भांडण झालं नाही. फुर बेटावर तिच्या मावशीचं घर रिकामं होतं, तिथे राहायला जाते म्हणाली. मी विचारलं, माझं काय चुकलं? तिने खूप वेळ विचार केला. गणिताची बाई, अंदाजाने उत्तर द्यायची नाही.

"तू वाईट माणूस नाहीस," ती म्हणाली. "पण बावीस वर्षं तुझ्या कानांतून जेवढं सांडलं, तेवढंच माझ्या वाट्याला आलं. आता मला कुणाचं तरी सांडलेलं नको आहे."

मी गाडीत तिच्या पेट्या ठेवून दिल्या. ती गेल्यावर घरात येऊन हेडफोन लावला, कारण ती वेळ तीनची होती. हे सांगायला मला आज लाज वाटते.

फ्लेमिंगच्या फोननंतर दहा दिवसांनी मी होल्स्टेब्रोला जाऊन कान तपासून घेतले. त्या काचेच्या खोलीतही हेडफोनच लावतात, साधा, स्वस्त, प्लास्टिकचा. आवाज ऐकू आला की बटण दाबायचं. माझ्या मते मी छान दाबत होतो. बाहेर आल्यावर तपासणाऱ्या बाईंनी कागद पुढे केला. त्यावरची रेघ निम्म्यापर्यंत सरळ होती आणि मग कड्यावरून पाय घसरावा तशी खाली गेली होती.

"चार हजार हर्ट्झच्या वरचं बरंच गेलंय," त्या म्हणाल्या. "सहा हजारांच्या पुढे जवळजवळ काहीच नाही. हे एका दिवसात होत नाही. आठदहा वर्षं तरी चाललं असेल. तुम्ही काय काम करता?"

मी म्हणालो, "निवृत्त आहे."

घरी आलो तर दारात खोकं. ट्रॉन्डहाइमच्या एका लहान कारखान्याने नवा प्लेनर पाठवला होता. वर्षाला साठसत्तर नगच बनवतात, किंमत अडतीस हजार क्रोनर. चिठ्ठीत लिहिलं होतं की तीन आठवड्यांत परत करावा, पुढचा समीक्षक वाट पाहतोय. मला ते खोकं तसंच परत पाठवायला हवं होतं. मी उघडलं.

अक्रोडाच्या लाकडाच्या कडा, आत मेंढीचं कातडं, डोक्यावर रुंद पट्टा. वजन साडेचारशे ग्रॅमच्या घरात, पण डोक्यावर ठेवला की हात कुणीतरी अलगद ठेवावा तसा बसायचा. मी माझ्या नेहमीच्या ध्वनिमुद्रणांपासून सुरुवात केली. आधी ऑर्गन. पायाखालची फळी थरथरली असं वाटून मी खाली पाहिलं. मग चेलो, मग एका पुरुषाचा भरदार आवाज, इतका जवळ की त्याने ओठ ओले केले तेही कळलं. मंद्र आणि मध्य यांच्याबद्दल मी शपथेवर लिहू शकलो असतो. मग ब्रशने वाजवलेला ड्रम लावला. ब्रश कातड्यावर घासतो ते ऐकू आलं. झांजेवर काठी पडली ते ऐकू आलं. त्यानंतर झांजेची जी शेपटी हवेत विरत जाते, ती नव्हती. बोट कापल्यासारखा आवाज तिथेच तुटत होता.

पाचसहा वर्षांपूर्वीपर्यंत ती शेपटी होती असं मी ठामपणे सांगितलं असतं. पण मला ती ऐकू येत होती, की ती कशी असते हे आठवत होतं?

फ्लेमिंगने कचेरीतल्या यंत्रावर घेतलेलं मोजमाप पाठवलं. आठ हजारांच्या आसपास रेघेला एक उंचवटा होता. तसा उंचवटा कधी गाण्यात प्राण फुंकतो आणि कधी कान सोलून काढतो. ते कागदावर दिसत नाही, ऐकावंच लागतं. कागद पाहून दोन गुळगुळीत वाक्यं लिहिणं मला सहज जमलं असतं. जानेवारीत मी तेच केलं होतं, हे तोपर्यंत माझं मलाच कळलं होतं.

अकराव्या दिवशी मी सोल्वायला फोन केला.

"कोण मेलं?" तिने विचारलं.

"कुणी नाही."

"मग?"

"एक हेडफोन आलाय."

ती हसली. तीन वर्षांत मी ते हसणं ऐकलं नव्हतं आणि फोनमध्ये ते मला अर्धंच मिळालं. "एस्किल, तू मला हेडफोन आल्याचं सांगायला फोन केलास?"

"तू येऊन कोचावर बसशील का? वह्या आण हवं तर."

"वह्या संपल्या रे बाबा. विणकाम आणते." मग, "शनिवारी येते. दुपारचं जेवण तुझ्याकडे."

मी दोन दिवस घर पुसलं. काळा पाव आणला, हेरिंग, अंडी, ती खायची ते कांद्याचं लोणचं. शनिवारी अकराला तिची गाडी आली. केस आखूड कापले होते आणि हात बागेच्या कामाने राठ झाले होते. दारात आम्ही मिठी मारावी की हात मिळवावा या गोंधळात दोन्ही अर्धवट केलं. जेवताना ती कोंबड्यांबद्दल बोलली, बेटावरच्या नव्या पाद्रीणबाईंबद्दल बोलली. काही वाक्यांची टोकं मला कळली नाहीत आणि मी मान हलवत राहिलो. ती माझ्याकडे बघत होती.

मग ती कोचावर बसली, तिच्या जागी. मी खुर्चीत बसलो, हेडफोन चढवला आणि ड्रमचं ध्वनिमुद्रण लावलं. डोळे मात्र मिटले नाहीत. तिने दोन ओळी विणल्या आणि हात हलवला.

"छान आहे," ती म्हणाली. "चावत नाही. आवाज जरा वाढव." मी वाढवला. तिने नाक मुरडलं. "आता घासतंय. पत्र्यावर नख ओढल्यासारखं. थोडा कमी कर. हां, इथे. इथपर्यंत गोड."

मी लिहून घेतलं. तिने पाहिलं की मी शब्द न शब्द लिहून घेतोय.

"पूर्वी तू असं नव्हतास लिहीत," ती म्हणाली.

"मला ऐकू येत नाही, सोल्वाय." एवढं बोलायला मला तीन आठवडे लागले होते. "वरचं काहीच येत नाही. कागद आहे माझ्याकडे. आठदहा वर्षं म्हणतात."

"ठाऊक आहे."

"तुला कसं?"

"ओव्हनची घंटा वाजून वाजून थकायची आणि तू शेजारी उभा असायचास. वसंतात पाखरं परत आली म्हटलं की तू कान देण्याऐवजी कॅलेंडर बघायचास." तिने लोकर मांडीवर ठेवली.

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं होतं. दोनदा. तुझ्या डोक्यावर ते होतं." तिने हनुवटीने हेडफोनकडे दाखवलं. त्यात राग नव्हता. राग असता तर मला काहीतरी उत्तर देता आलं असतं.

मी हेडफोन काढला आणि तिच्यापुढे धरला. "तू लाव."

"मी?"

"एवढ्या वर्षांत तू एकदाही लावला नाहीस."

"एवढ्या वर्षांत तू एकदाही दिला नाहीस."

मी उठून तिच्या डोक्यावर तो बसवला. पट्टा दोन खाचा आत घ्यावा लागला. तिच्या कानामागे माझी बोटं लागली आणि तिने मान थोडी वाकवली, पूर्वी माळेचा आकडा लावून घेताना वाकवायची तशी. मग ती माझ्या खुर्चीत बसली आणि मी कोचावर, तिच्या जागी. मी एका चर्चमधलं समूहगान लावलं: चाळीस आवाज, दगडी भिंती, उंच छत.

तिने डोळे मिटले. मी ऐकू लागलो. मला वाटलं होतं, बावीस वर्षं तिने जे ऐकलं ते निदान आज मला ऐकायला मिळेल. मी पुढे वाकलो. बंद दारामागे कुणी वर्तमानपत्राची घडी घालावी तसं काहीतरी होतं. मग गाणं वर चढलं असावं, कारण तिच्या भुवया वर गेल्या, आणि नेमकं तेव्हा माझ्याकडचं ते कागदाचं वाजणंही थांबलं. खोलीत फ्रिजची घरघर राहिली आणि समोर सोल्वायचा चेहरा.

तो चेहरा मी ओळखत नव्हतो. तिचे ओठ उघडे होते. एकदा ती एकदम उजवीकडे वळली, कुणी हाक मारल्यासारखी, आणि डोळे मिटलेले ठेवूनच हसली. तिला काय सापडलं होतं ते मला कळेना. हाताच्या अंतरावर माझी बायको बसली होती आणि मला ओलांडून दूर कुठेतरी गेली होती. मला तिला हाक मारावीशी वाटली. मी मारली नाही. तिने इतकी वर्षं हेच सोसलं आणि वर हातातल्या वह्याही तपासल्या, हे मला त्या कोचावर बसून कळलं, आणि कळून काही उपयोग नव्हता.

पाऊण तास ती ऐकत होती. हेडफोन काढला तेव्हा तिचे कान लाल झाले होते.

"उजवीकडे मागे कुणीतरी पान उलटतं," ती म्हणाली. "आणि शेवटी सगळे थांबतात ना, तरी ते छतापाशी उरतं. किती वेळ उरतं! तुला हे माहीत होतं?"

"माहीत होतं."

"मग मला का नाही सांगितलंस रे?" या वेळी तिचे डोळे भरले. "मला वाटायचं, तू त्या चिरचिरीत काय एवढा रमतोस."

संध्याकाळपर्यंत आम्ही काम केलं. ती ऐकायची आणि सांगायची, मी लिहायचो. तिच्याकडे आमच्या धंद्यातले शब्द नव्हते, त्यामुळे तिला खरंच ऐकावं लागायचं. झांजेची शेपटी कशी आहे विचारल्यावर ती म्हणाली, "थंडीत तोंडातून वाफ निघते आणि कुठे संपली ते सांगता येत नाही, तशी." पंचवीस वर्षांत मी इतकं नेमकं वाक्य लिहिलं नव्हतं. खर्जाबद्दल मी सांगितलं आणि तिने मान डोलावली. तिथे आमचं जमलं.

पाचला तिने लोकर पिशवीत भरली.

"राहा," मी म्हणालो. "आजच्यापुरती नव्हे. राहा."

ती दारात थांबली. "तू मला माझ्या कानांसाठी बोलावलंस."

"तेवढ्यासाठीच नाही."

"तेही ठाऊक आहे. म्हणून तर आले." तिने माझ्या गालाला हात लावला. राठ हात. "पण मला तिथे बरं वाटतं, एस्किल. सकाळी उठते आणि घरात कुणी माझ्याकडे पाठ करून बसलेलं नसतं."

गाडी वळून गेली. चाकांखाली खडी वाजली असेल.

समीक्षा मे महिन्यात छापून आली, खाली दोघांची नावं. पहिल्या परिच्छेदात मी कानांचं सांगून टाकलं, जानेवारीच्या अंकाबद्दल त्या वाचकाची माफी मागितली आणि यापुढे लिहिणार नाही असं कळवलं. छापण्याआधी फ्लेमिंगने पुन्हा फोन केला होता.

"खर्जावर लिहीत जा की," तो म्हणाला. "अर्धी समीक्षा."

"अर्धा हेडफोन कुणी विकत घेत नाही."

"ती लिहील का?"

"विचार तिला. माझ्या वतीने नको, थेट विचार."

त्याने विचारलं. ती म्हणाली, बटाटे लावायचेत.

जूनमध्ये मला कानयंत्रं बसवली. पाखरं परत मिळाली, पण टाचणीच्या टोकावर बसलेली. वर्तमानपत्राचं पान उलटलं की दचकायला व्हायचं. यंत्र बसवणाऱ्या बाई म्हणाल्या, मेंदूला सवय होईल, वेळ द्या. मी वेळ दिला, पण माझ्या मनात एकच होतं. तीन वर्षं मी सोल्वायच्या ज्या आवाजासाठी झुरलो, तो मला आता अख्खा मिळणार होता.

ऑगस्टच्या पहिल्या शनिवारी मी फुरला गेलो. फेरीबोट चार मिनिटांत पलीकडे सोडते. सोल्वाय अंगणात शेडपाशी उभी होती, वाऱ्याने उडालेल्या पत्र्याकडे बघत. मला पाहून ती बोलू लागली आणि मी जागच्या जागी थांबलो.

शब्द सगळे येत होते, एकूण एक, टोकांसकट. पण आवाज तिचा नव्हता. पातळ, कडक, डब्यातून आल्यासारखा. तिच्या आवाजाला खाली एक ऊब होती, सकाळी पहिल्या कॉफीआधी ती जास्त असायची. यंत्राने ती ऊब झाकून तिच्यावर सगळा स-कार श-कार ओतला होता. एखादा हेडफोन असता तर मी दोन ओळींत निकाल दिला असता.

मी दोन्ही यंत्रं काढून हातात घेतली. ऊब परत आली. सोल्वाय बोलत होती, माझी सोल्वाय, आणि ती काय म्हणते ते मला कळत नव्हतं. मी तसाच उभा राहिलो, निदान अर्धा मिनिट. ती थांबली आणि माझ्या मुठीकडे पाहून तिने विचारल्यासारखी मान केली.

मी यंत्रं परत कानात घातली. "पुन्हा सांग," म्हणालो.

"पत्र्याला दोन माणसं लागतात, असं म्हणत होते," त्या डब्यातल्या आवाजाने सांगितलं. "एकानं धरायचं, एकानं ठोकायचं. आज वारा आहे. पुढच्या शनिवारी येशील?"

मी गेलो. पत्रा झाला, मग कोंबड्यांचं कुंपण झालं, मग बटाटे काढले. दर शनिवारी पहिल्या बोटींपैकी एक पकडतो. आम्ही काम करतो, ती बोलते, मी ऐकतो आणि कळलं नाही तर विचारतो. संध्याकाळी ती मला धक्क्यापर्यंत सोडते. राहा म्हणत नाही. बोट सुटली की मी यंत्रं काढून खिशात टाकतो आणि पलीकडचा किनारा येईपर्यंत तिचा आवाज खालच्या सुरात, होता तसा, आठवायचा प्रयत्न करतो. चार मिनिटं पुरत नाहीत.